तळाचं शीत

आमचं मैसूरचं मराठी मंडळ लहान आहे. साठेक घरं, त्यांतली निम्मी निवृत्त. सरस्वतीपुरममधल्या एका शाळेचं सभागृह पाच दिवसांसाठी मिळवायचं, देवराज मार्केटातून फुलं आणायची आणि उरलेलं वर्ष खजिनदाराने डोकं धरून बसायचं, एवढाच आमच्या गणेशोत्सवाचा पसारा. त्यामुळे गेल्या श्रावणात एका मोठ्या कंपनीच्या वितरकाचा माणूस ५१,००० रुपयांचा देकार घेऊन आला, तेव्हा खजिनदाराला बाप्पा बसायच्या आधीच पावला.

कंपनी कोणती ते सांगत नाही. साबणापासून बिस्किटांपर्यंत सगळं विकणारी. तुमच्या घरात तिची निदान तीन पाकिटं निघतील. तिच्या अटी तीन होत्या. सभागृहाच्या दारात फलक, मुलांच्या चित्रकला स्पर्धेला कंपनीचं नाव, आणि स्पर्धेला आलेल्या प्रत्येक मुलाच्या हातात बिस्किटांचा पुडा.

बैठकीत एका तरुण सभासदाने विचारलं, "पण कंपनी चांगली आहे का?" कोणी म्हणालं, केवढी जुनी आहे. कोणी म्हणालं, दुष्काळात त्यांनी विहिरी खोदून दिल्या होत्या. कोणी म्हणालं, सगळ्या मेल्या सारख्याच. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "काकूंनी जन्मभर बँकेत ऑडिट केलंय. त्या बघून सांगतील." मग चहा आला आणि विषय माझ्या पदरात पडला.

मी एकतीस वर्षं बँकेत होते, त्यातली शेवटची चौदा तपासणी विभागात. आम्ही कर्जदाराचा स्वभाव तपासत नव्हतो. देवभोळे, गोड बोलणारे, वेळेवर दिवाळीचं मिठाईचं खोकं पाठवणारे कितीतरी कर्जदार बुडवे निघाले. आम्ही व्हाउचर तपासायचो. "कंपनी चांगली का?" या प्रश्नाला त्यामुळे माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोणते कागद काढून बघायचे, एवढं मात्र मला ठाऊक होतं.

त्याच्याही आधीची शिकवण आईची. आम्ही पार्ल्याचे. १९७५ च्या गुढीपाडव्याला बिंदुमाधव जोशी, सुधीर फडके अशा मंडळींच्या पुढाकाराने मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारपाजारच्या दहाबारा घरांनी एक संघ करायचा, महिन्याचं वाणसामान एकत्र घाऊक मागवायचं आणि आपसात मोजून वाटून घ्यायचं. आमच्या चाळीतल्या संघाची तूरडाळ आमच्याच ओटीवर उतरायची. पोतं उघडलं की आई वरची डाळ बघायचीच नाही. कोपरापर्यंत हात घालून खालची मूठ काढायची. "वरची दाखवायलाच ठेवलेली असते," म्हणायची. शितावरून भाताची परीक्षा हे तिलाही मान्य होतं. फक्त शीत तळाचं घ्यायचं.

कारखाना आमचा, प्रयोगशाळाही आमची

मोठी कंपनी तपासायची कशी याचा एक नामांकित खटला मैसूरकरांच्या अंगणातून गेलेला आहे. आमच्याकडून नंजनगूडकडे निघालं की वीस-पंचवीस किलोमीटरवर कपिला नदी, श्रीकंठेश्वराचं देऊळ आणि औद्योगिक वसाहत लागते. नेस्लेचा तिथला कारखाना १९८९ पासूनचा. तिथे कॉफी होते आणि मॅगीही. आणि गावात, चेलुवांबा मॅन्शन नावाच्या जुन्या राजवाड्यात, १९५० पासून केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. तिला सगळे सी.एफ.टी.आर.आय. म्हणतात. मॅगीच्या प्रकरणात या दोन्ही पत्त्यांची नावं कागदावर आली.

प्रकरण २०१४ साली उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीला सुरू झालं. तिथल्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने मॅगीचं पाकीट उचललं ते शिशासाठी नव्हे. पाकिटावर 'एम.एस.जी. घातलेलं नाही' असं छापलं होतं, ते खरं की खोटं एवढंच पाहायचं होतं. एम.एस.जी. म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, आपण ज्याला अजिनोमोटो म्हणतो ते. गोरखपूरच्या प्रयोगशाळेत ते सापडलं. कंपनीने हरकत घेतली, नमुना कोलकात्याच्या प्रयोगशाळेत गेला, आणि तिथून भलतंच निघालं: शिसं, दर दहा लाख भागांत १७.२ भाग. मर्यादा होती २.५ ची. ५ जून २०१५ ला देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मॅगीवर बंदी घातली. हजारो टन नूडल्स दुकानांतून माघारी आल्या आणि सिमेंटच्या भट्ट्यांत जाळल्या गेल्या.

त्या आठवड्यात आमच्या गल्लीत सुतक पडल्यासारखं झालं होतं. शेजारच्या अक्कांनी घरातली सहा पाकिटं कचऱ्याच्या गाडीत टाकली आणि मलाही टाकायला लावली.

मग १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. कारणं वाचताना मला आमच्या खात्याची आठवण झाली. ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती त्यांना या तपासणीसाठी लागणारी मान्यता नव्हती, आणि कंपनीला आपली बाजू मांडायची पुरेशी संधी दिली गेली नव्हती. न्यायालयाने मोहाली, हैदराबाद आणि जयपूरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत नमुने पाठवले. ऑक्टोबरात निकाल आला, शिसं मर्यादेच्या आत. उत्पादन पुन्हा सुरू झालं ते तीन ठिकाणी: पंजाबात मोगा, गोव्यात डिचोली आणि आमचं नंजनगूड. ९ नोव्हेंबरला मॅगी दुकानात परत आली.

इकडे केंद्र सरकारने राष्ट्रीय ग्राहक आयोगात कंपनीवर ६४० कोटींचा दावा लावला होता. त्यातल्या नमुन्यांची तपासणी सर्वोच्च न्यायालयाने मैसूरच्या सी.एफ.टी.आर.आय.कडे सोपवली. इथल्या अहवालातही शिसं मर्यादेतच निघालं. अक्कांनी निकाल दिला, "नम्मूर लॅब हेळ्तु, साकु." आपल्या गावच्या लॅबने सांगितलं, बस झालं. आयोगाला मात्र वेळ लागला. सरकारचा दावा फेटाळला गेला तो एप्रिल २०२४ मध्ये.

तपासनीस म्हणून मी यातून दोन नोंदी केल्या. पहिली: सरकारी शिक्का असलेला प्रत्येक कागद खरा नसतो. नमुना कोणी घेतला, कसा ठेवला, तपासणाऱ्याला त्या कामाची मान्यता होती का, समोरच्याला बोलू दिलं का, हे विचारल्याशिवाय 'कंपनीने विष खाऊ घातलं' म्हणणं हा अन्याय आहे, मग कंपनी कितीही मोठी असो.

दुसरी नोंद मला जास्त महत्त्वाची वाटते. शिशाच्या धुरळ्यात बाराबंकीचा मूळ प्रश्न हरवला. पाकिटावरची ती ओळ खरी होती का? ग्लुटामेट निसर्गतःच टोमॅटोत असतं, कांद्यात असतं, शेंगदाण्याच्या प्रथिनांत असतं. चाचणीत ते सापडतं, पण वरून घातलेलं की मुळातलंच, हे चाचणी सांगू शकत नाही. कंपनी म्हणाली, आम्ही वेगळं घालत नाही. शब्दशः खरं असेल. पण दुकानात उभी राहून ती ओळ वाचणारी आई 'घातलेलं नाही' याचा अर्थ 'यात नाही' असाच घेणार, आणि तिने तो तसा घ्यावा म्हणूनच तर ओळ तिथे होती. पुढे कंपनीने ती ओळ पाकिटावरून काढायचं मान्य केलं. माझ्या वहीत शिशाच्या रकान्यात बरोबरची खूण आहे, त्या ओळीच्या रकान्यात फुली. दोन्ही एकाच पाकिटाच्या.

घ्यायचं माप, द्यायचं माप

सी.एफ.टी.आर.आय.चं आणखी एक काम आहे, त्याचा मैसूरकरांना अभिमान वाटतो. पन्नासच्या दशकात इथल्या शास्त्रज्ञांनी म्हशीच्या दुधापासून तान्ह्या बाळांसाठी भुकटी करण्याची पद्धत बसवली, आणि तीच आणंदला अमूलने उचलली. बाहेरून येणाऱ्या डब्यांवरचं अवलंबून राहणं त्यामुळे कमी झालं. म्हणजे बाळाच्या डब्यातली भुकटी ही काही मुळात पापाची गोष्ट नव्हे; आई नसलेल्या, किंवा आईला दूधच येत नसलेल्या बाळाला ती जगवते.

पण हीच वस्तू विकण्याच्या तऱ्हेवरून साऱ्या जगात वादळ उठलं. १९७४ मध्ये ब्रिटनमधल्या 'वॉर ऑन वाँट' या संस्थेने एक पुस्तिका काढली. गरीब देशांत कंपन्यांच्या विक्रेत्या परिचारिकेसारख्या पोशाखात प्रसूतिगृहांत जातात, फुकट डबे देतात; चार दिवस डब्यावर काढले की आईचं दूध आटतं, आणि मग डबा विकत घेणं भाग पडतं. परवडत नाही म्हणून आई भुकटी पातळ करते, पाणी घाण असतं, बाळाला हगवण लागते. १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने अशा विक्रीची आचारसंहिता ११८ विरुद्ध १ मतांनी मंजूर केली. विरोधातलं एकमेव मत अमेरिकेचं. भारताने १९९२ मध्ये आपला कायदा केला आणि २००३ मध्ये तो कडक केला. आज आपल्याकडे बाळाच्या डब्याची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुने वाटता येत नाहीत, डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र छापता येत नाही.

डब्यात काय होतं, यापेक्षा तो कोणाच्या हातात, कोणत्या क्षणी, काय सांगून ठेवला, यावर ती सारी लढाई होती. हे मी अधोरेखित करून ठेवलं. पुढे उपयोगी पडलं.

एप्रिल २०२४ मध्ये तीच कंपनी पुन्हा बातमीत आली. 'पब्लिक आय' या स्विस संस्थेने सेरेलॅक हे तिचं बाळांचं खाणं वेगवेगळ्या देशांतून आणून तपासून घेतलं. भारतात एका वेळच्या खाण्यात सरासरी २.७ ग्रॅम साखर वरून घातलेली निघाली. जर्मनी आणि ब्रिटनमध्ये त्याच प्रकारच्या खाण्यात वरून साखर नव्हती. कंपनीचं म्हणणं, आम्ही भारताचे नियम पाळतो आणि गेल्या पाच वर्षांत साखर ३० टक्क्यांपर्यंत कमी केली आहे. तेही खोटं नव्हतं. आपला नियम साखरेला परवानगी देत होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात कंपनीने साखर न घातलेले प्रकार भारतात आणत असल्याचं जाहीर केलं.

आई असती तर तिने एवढंच म्हटलं असतं: घ्यायचं माप एक, द्यायचं दुसरं. कायदा हा जमिनीसारखा असतो, त्याच्या खाली गेलं की माणूस गुन्हेगार. कायद्याच्या वर कोण किती चढतो, ते मात्र जिथे कायदा ढिला आहे तिथेच कळतं. म्हणून तळाचं आणखी एक शीत हे: ज्या गिऱ्हाइकाला तक्रार करायची सवय नाही, त्याला कंपनी काय विकते?

हेच माप कामगारांनाही लागतं. कोडाईकनालचं प्रकरण मैसूरला लांबचं नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातला पाऱ्याच्या थर्मामीटरचा जुना कारखाना उचलून १९८३ मध्ये या थंड हवेच्या गावी आणला गेला. पुढे तो हिंदुस्तान लिव्हरकडे आला. मार्च २००१ मध्ये पारा लागलेल्या काचेचा ढीग गावातल्या भंगारवाल्याकडे सापडला. हिशेबाच्या वहीत जे सापडणार नव्हतं ते भंगारात सापडलं. कारखाना बंद पडला, पाऱ्याचा कचरा २००३ मध्ये जहाजाने अमेरिकेत परत गेला. कामगारांच्या आजारपणाचा पाऱ्याशी संबंध कंपनी नाकारत राहिली. २०१५ मध्ये चेन्नईच्या एका तरुणीच्या रॅप गाण्याने प्रकरण जगभर गेलं आणि २०१६ मध्ये ५९१ माजी कामगारांशी तडजोड झाली. मातीत किती पारा उरलेला चालेल, यावर त्यानंतरही वाद चालला, कारण इंग्लंडातल्या मातीला लावायचं माप आणि कोडाईच्या मातीला लावायचं माप एक असावं, असं आंदोलकांचं म्हणणं होतं.

सुगंधी अपवाद

इथे बैठकीत कोणीतरी म्हणणारच, की हे सगळं परदेशी कंपन्यांचं, आपल्या घ्याव्यात. मैसूरला असं म्हणणाऱ्यांच्या तोंडी मैसूर सँडल साबण असतो. त्याची गोष्ट आहेच तशी. पहिल्या महायुद्धात युरोपला जाणारं चंदन अडकलं, म्हणून संस्थानाने चंदनाचं तेल इथेच काढायला सुरुवात केली. साबण करणं शिकायला एस. जी. शास्त्री यांना इंग्लंडला धाडलं. गेली शंभर वर्षं तो लांबट गोल साबण सरकारच्याच मालकीच्या कारखान्यात होतो. नफा कोणा शेठच्या खिशात जात नाही.

आणि तरी, मार्च २०२३ मध्ये कर्नाटक लोकायुक्तांनी याच कंपनीच्या तेव्हाच्या अध्यक्षांच्या मुलाला ४० लाख रुपये घेताना पकडलं. कच्च्या मालाच्या खरेदीतली लाच असा आरोप होता. साबणाचा वास त्यामुळे बिघडला नाही; मी अजून तोच वापरते. पण मालक कोण, स्वदेशी की परदेशी, सरकारी की खाजगी, हा रकाना मी निकालाच्या यादीतून काढून टाकला. त्यावरून काही कळत नाही.

दानधर्माचा रकानाही काढला. विहिरी खोदल्या, शाळेला बाकं दिली, हे आपल्याला फार भावतं. पण २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावेच लागतात. मी घरपट्टी भरते म्हणून महापालिका माझा सत्कार करत नाही.

मग बघायचं काय?

घरबसल्या बघता येतात असे तीन कागद सांगते. पैसे पडत नाहीत.

पहिला कागद पाकीट. पुढची बाजू जाहिरातवाल्याने लिहिलेली असते, मागची वकिलाने. मागचीच वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखर दुसऱ्या नंबरवर असेल तर पुढचं 'धान्याची शक्ती' विसरा. 'एका वेळचं प्रमाण' किती धरलंय ते बघा: दोन बिस्किटं धरली असतील, तर दोनवर थांबणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही. आणि दर ग्रॅममागची किंमत आता छापावी लागते. दहा रुपयांचा पुडा दहालाच ठेवून आतलं वजन कधी घटवलं, हे त्या बारीक आकड्यातून पकडता येतं. वजन घटवणं बेकायदा नाही. पुडा तेवढाच फुगीर ठेवून ते केलं, तर ते काय आहे हे तुम्ही ठरवा.

दुसरा कागद वार्षिक अहवालातला. सेबीने शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून 'व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल' सक्तीचा केला आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर तो असतो. झाडांची आणि हसऱ्या मुलांची चित्रं ओलांडून तक्त्यांवर जायचं. कायम कामगार किती आणि कायम नसलेले किती? बाईचा मधला पगार आणि पुरुषाचा मधला पगार किती? ग्राहकांच्या किती तक्रारी आल्या, किती पडून आहेत? सुरक्षिततेसाठी माल किती वेळा परत मागवला? एका वर्षाचा आकडा काही सांगत नाही. तीन वर्षांचे शेजारी ठेवले की कल कळतो.

तक्त्यात न दिसणारे हातही असतात. मी मैसूरला नवी होते तेव्हा आमच्या गल्लीच्या मागे बायका ओसरीत बसून अगरबत्त्या वळायच्या, हजारी हिशेबाने. काळी बोटं, पुढ्यात पाट, मांडीवर पोर. त्या कोणाच्याच कामगार नव्हत्या. माल कंत्राटदाराचा, नाव दुसऱ्याचं, पाठदुखी मात्र त्यांची स्वतःची. कुठल्याही मोठ्या कंपनीचा अहवाल वाचताना मी स्वतःला विचारते, या ओसरीपर्यंत हा तक्ता पोचतो का?

तिसरा कागद माझ्या विशेष आवडीचा: लहान पुरवठादारांची देणी. बेळगावच्या शाखेत असताना खोकी बनवणारा एक कर्जदार होता. गिऱ्हाईक मोठं, सगळ्यांच्या तोंडी असलेलं. ऑर्डर भरपूर, पण बिल चार-चार महिने अडकलेलं. तो दर महिन्याला ओव्हरड्राफ्ट वाढवून मागायचा आणि त्यावर आमच्या बँकेला व्याज भरायचा. एकदा म्हणाला, "मॅडम, मी त्यांना खोकी विकत नाही, बिनव्याजी कर्ज देतो." त्या कंपनीच्या अहवालात त्या वर्षी 'भागीदार' हा शब्द पानोपानी होता. कायद्याने लघुउद्योगांची बिलं जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करायची असतात, आणि २०२३-२४ पासून ती थकवली तर कंपनीला त्या वर्षी त्या खर्चाची आयकरात वजावट मिळत नाही. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचं देणं किती, हे ताळेबंदाच्या टिपांत वेगळं दाखवावं लागतं. लोक नफा वाचतात. ती टीप कोणी वाचत नाही. ती वाचा.

कागदांपलीकडे एक गोष्ट उरते: विचारणाऱ्याशी कंपनी कशी वागते. २०२३ मध्ये एका तरुणाने बोर्नव्हिटातल्या साखरेवर व्हिडिओ केला. कंपनीने आधी कायदेशीर नोटीस धाडली, त्याला व्हिडिओ हटवायला लावला आणि माफी मागायला लावली. काही महिन्यांनी साखर कमी केली. दोन्ही गोष्टी त्याच कंपनीच्या नावावर मांडायच्या, पहिली खर्चाच्या बाजूला, दुसरी जमेच्या.

पुड्यांचं काय झालं

मंडळासाठी मी आमच्या देकारवाल्या कंपनीला पाकिटावरच्या पत्त्यावर ई-मेल केली. तीन प्रश्न. या पुड्यात वरून घातलेली साखर किती? पामतेल कुठून घेता? हा पुडा जिथे तयार झाला तिथे कायम कामगार किती, कंत्राटी किती? अकराव्या दिवशी उत्तर आलं. साखरेचा आकडा नेमका दिला होता, तेलाबद्दल अर्धं पान होतं. तिसऱ्या प्रश्नावर लिहिलं होतं की आमची माणसं हीच आमची संपत्ती आहे. सोबत वीस रुपयांचं कुपन.

बैठकीत मी हे सगळं वाचून दाखवलं. म्हटलं, चांगली की वाईट हे मी सांगणार नाही. माल स्वच्छ असावा. कामगारांचं कळत नाही. पण आपला प्रश्न त्याहून लहान आहे: पुडा मुलाच्या हातात, शाळेच्या सभागृहात, बक्षीस म्हणून द्यायचा का? बाळाच्या डब्यांवरची ती सारी लढाई नेमकी याच गोष्टीवर होती. शिवाय २०२० चा अन्न प्राधिकरणाचा नियम आहेच: जास्त चरबीचे, साखरेचे, मिठाचे पदार्थ शाळेत आणि दारापासून ५० मीटरपर्यंत विकायचे नाहीत, त्यांची जाहिरातही करायची नाही.

वितरकाचा तो माणूस, तरुण पोरगाच, सज्जन होता. म्हणाला, "अवत्तु स्कूल रजा अल्वा, मेडम?" त्या दिवशी शाळेला सुट्टी नाही का? मला हसू आलं. नियमाची अक्षरं पाळून अर्थ टाळण्याची इतकं स्वच्छ उदाहरण मला कुठल्याच अहवालात मिळालं नव्हतं.

खजिनदाराने मधला मार्ग काढला. फलक लावू, पण मोठ्यांच्या नाट्यगीतांच्या कार्यक्रमाला. मुलांची स्पर्धा आणि पुडे वगळा. ५१ नाही तर ३० हजार द्या. पोरगा बाहेर जाऊन साहेबांशी बोलून आला. त्याचा चेहरा पडला होता. मुलं नसतील तर कंपनीला रस नव्हता, तीस हजारांतही नाही आणि दहातही नाही.

एवढे दिवस जे मी अहवालांत शोधत होते, ते त्याने दारात उभ्या उभ्या सांगितलं. आमचा मंडप, गणपती, नाट्यगीतं यांची किंमत शून्य होती. ५१,००० रुपये स्पर्धेला येणाऱ्या मुलांचे होते.

देकार गेला. वर्गणी घरटी दोनशेने वाढवली, त्यावर दोघे रुसले, आणि एकाने मला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं की तत्त्वं पेन्शनवाल्यांना परवडतात. त्याचं पूर्ण चुकलं असं मी म्हणणार नाही. माझ्या डब्यातही अजून त्याच कंपनीची बिस्किटं आहेत, चहात ती छान भिजतात.

स्पर्धेच्या दिवशी मुलांना देवराज मार्केटातली वेलची केळी वाटली. संध्याकाळी केळीवाला हिशेबाची चिठ्ठी घेऊन सभागृहाच्या दारात उभा होता. खजिनदार म्हणाला, "काकू, विसर्जन झालं की बघू याचं." मी पर्स उघडली आणि त्याच्यासमोर पैसे मोजून दिले. व्हाउचर खजिनदाराला दुसऱ्या दिवशी करायला लावलं.